संथ पाण्याची भोवळ

माझ्या बहिणीचा नवरा बार्नाबास भित्रा नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला तसं वाटेल. मलाही वाटलं होतं, आणि बरीच वर्षं वाटत राहिलं.

इल्लुताक ही आमची वस्ती. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी अकरा घरं, मासे खारवायची शेड, एक दुकान, आणि शाळेला नि प्रार्थनेला मिळून एकच खोली. आता तिथे कोणी राहत नाही. पण १९३९ साली तिथे सत्तर माणसं होती आणि जो कयाक, म्हणजे एकट्याची अरुंद कातडी होडी, चालवू शकतो तोच पुरुष, असं सगळे मानत. मी तेव्हा आईच्या पाठीवरच्या पिशवीत होते. त्या वर्षीची गोष्ट मला माझा थोरला भाऊ गाबा याने नंतर सांगितली.

गाबा आणि बार्नाबास एकाच वयाचे, वीस-एकवीस वर्षांचे. दोघे आपापल्या कयाकमधून हॅलिबट मासे धरायला बाहेरच्या खडकापलीकडे गेले होते. कयाकमध्ये माणूस कमरेपर्यंत आत असतो, पाणी छातीशी. गळाची दोरी दीडशे वाव खाली सोडायची आणि तिच्याकडे बघत बसायचं. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. ऊन होतं. पाणी इतकं स्थिर की डोंगर त्यात उलटे उभे होते. गाबाने सहज मान वळवली तर बार्नाबासच्या हातातली दोरी सुटून चालली होती आणि तो ती धरत नव्हता. चेहरा पांढरा पडलेला, डोळे उघडे.

गाबाने ओळखलं. आमच्या आजोबांच्या भावालाही तेच झालं होतं. तो हळूच शेजारी गेला, आपलं वल्हं दोन्ही कयाकवर आडवं टाकलं आणि म्हणाला, "माझ्याकडे बघ. पाण्याकडे बघू नकोस. माझ्या नाकाकडे बघ."

दोन्ही कयाक एकमेकींना बांधून त्याने त्याला घरी आणलं. बार्नाबास नंतर सांगायचा, आधी पाय गार पडतात. मग कयाकचं टोक वर वर चाललंय असं वाटतं. मग पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळत नाही. हललो तर उलटू असं वाटतं, आणि नाही हललो तर बुडतोच आहोत असं वाटतं. म्हणून माणूस तसाच बसून राहतो. आम्ही त्याला कयाकची भोवळ म्हणतो. ती चांगल्या चांगल्या शिकाऱ्यांना धरते, आणि एकदा धरलं की सोडत नाही.

गंमत अशी की लाटा असल्या, वारा असला की बार्नाबासला काहीच होत नसे. इतर लोक किनाऱ्यावर बसून आभाळाकडे बघत तेव्हा हा मजेत बाहेर पडे. पण सील आणि मासे मिळतात ते शांत दिवशी, आणि एकट्याने गेलं तरच. भोवळ आणखी तीनदा आली तेव्हा त्याने कयाक सोडली. बायका जिथे खडकावर बसून काटेरी बारके मासे धरत, तिथे तोही बसू लागला. त्याला कोणी हसलं नाही. बोलावणं मात्र बंद केलं.

माझी बहीण बोलेट त्याच्याशी लग्न करते म्हणाली तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "मग सील कोण आणणार?"

"गाबादादा आणेल की एखादा," ती म्हणाली. "बाकीचे दिवस मासे खाऊ. मला मासे आवडतात."

तेरा वर्षं त्यांनी अशी काढली. तो शेडमध्ये कॉड मासे चिरायचा, मीठ लावायचा. मग १९५६ साली मोटरच्या होड्या आल्या. लाकडी, पाच मीटरच्या, मागे पाच घोड्यांच्या ताकदीचं यंत्र. आमच्या वस्तीतली पहिली बार्नाबासला मिळाली, कारण दुकानाच्या व्यवस्थापकाला रोज बाहेर जाणारा माणूस हवा होता आणि बाकीचे पुरुष म्हणाले की आम्हाला कयाक पुरे. पहिल्या संथ दिवशी बोलेट त्याच्याबरोबर गेली. त्याच्या मागे बसून तिने त्याच्या कोटाची कॉलर मुठीत धरून ठेवली होती. काही झालं नाही. बसायला फळी होती, दोन्ही बाजूंना कड होती, उभं राहिलं तरी होडी डुलायची, उलटायची नाही. दोघं चाळीस कॉड घेऊन आले. येताना तो रडत होता, असं ताई मला म्हणाली. आधी तिला वाटलं, पाणी उडतंय तोंडावर.

त्यानंतर शेडमागे रोज वाद चालायचा. हळूहळू बाकीच्यांनीही होड्या घेतल्या, पण गाबाने कयाक सोडली नाही.

"तुझं यंत्र खाडीतल्या प्रत्येक सीलला सांगतं, पळ बाबा, बार्नाबास येतोय," गाबा म्हणायचा.

"मला सील नकोच आहे. कॉडला ऐकू येत नाही."

"आणि धुक्यात? खडकावर लाट फुटते ती तुला ऐकू येते का त्या खडखडाटात?"

येत नव्हती, हे बार्नाबास कबूल करायचा. कयाकमधला माणूस धुक्यात कानाने घरी येतो. वारा बदलला की त्याला कमरेला कळतं. किनाऱ्याला लागला की कयाक काखेत घालून चालू लागतो. पण जिथे जायला कयाकला अर्धा दिवस लागे तिथे ही होडी तासाभरात जायची, आणि एका फेरीत इतके मासे आणायची की ते चिरायला चार बायका लागत. शिवाय बायको बरोबर येऊ शकायची. कयाकमध्ये दुसऱ्याला जागाच नसते. गाबाचं एक म्हणणं मात्र कोणाला खोडता यायचं नाही. तो म्हणायचा, यंत्र थांबलं की तुझी होडी म्हणजे नुसती पेटी. माझी कयाक कधी बंद पडत नाही.

"कयाक नाही पडत," बार्नाबास एकदा म्हणाला, "माणूस बंद पडतो." 

ताई होडी चालवायला शिकली. वस्तीत दुसरी कोणी बाई यंत्राला हात लावत नसे. ती एकटीही जाऊ लागली. ती परत येत असली की यंत्राच्या आवाजावरून आम्ही सांगायचो, आज होडी जड आहे का हलकी.

१९६१ चा ऑगस्ट. वस्तीतले सगळे धडधाकट पुरुष रेनडिअरच्या शिकारीला खाडीच्या आत गेले होते, बार्नाबासची सोडून बाकी सगळ्या होड्या घेऊन. गाबाही गेला होता. दुकानाची मोठी बोट खारे मासे घेऊन शहराला गेलेली. बार्नाबास गेला नाही, कारण सील सोलताना त्याच्या उजव्या हाताला कापलं होतं आणि दोन बोटं सुजून काळीनिळी झाली होती. पण कॉड किनाऱ्याशी आला होता, आणि तो काही थांबत नाही. म्हणून सकाळी ताई एकटी निघाली. होडीत एकच वल्हं होतं. दुसरं बार्नाबासने आदल्या दिवशी मासे वाळवायच्या मांडवाला टेकू म्हणून लावलं होतं, तो झुकत होता म्हणून. तिने पाहिलं आणि म्हणाली, असू दे, मला कुठे वल्हवायचंय.

मी मांडवापाशीच मासे उलटे करत होते. दुपारी यंत्राचा आवाज एकदम थांबला. गळ टाकायला थांबवतात तेव्हा आवाज आधी खाली येतो. हा मध्येच तुटला.

आमचे शिक्षक लुकास यांच्याकडे दुर्बीण होती. सत्तरी उलटलेली, एक पाय लाकडी. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं, ती यंत्र वर उचलून बघतेय, बर्फाचा तुकडा लागला असणार पंख्याला. तसं झालं की पंख्याची छोटी पिन तुटते. दुसरी घातली की झालं. पण होडीतल्या पिना संपल्या होत्या. बार्नाबासने आदल्या संध्याकाळी खिळे कापून नव्या केल्या होत्या आणि त्यांची डबी घरात खिडकीत राहिली होती.

ओहोटी लागलेली होती. खाडीचं पाणी बाहेर ओढत होतं आणि होडी त्याबरोबर जात होती. ताई एका वल्ह्याने एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला मारत होती. दोन मुलींना आम्ही डोंगरापलीकडच्या वस्तीकडे पिटाळलं, बोट आणायला. चार तासांची चाल.

गाबाची कयाक त्याच्या दारापुढच्या खुंट्यांवर होती.

बार्नाबास डबी घेऊन किनाऱ्यावर आला होता. मांडवाखालचं वल्हंही त्याने काढून आणलं होतं, मांडव तिरका झाला होता. तो उभा राहून समोर बघत होता.

मी म्हटलं, "भावजी, कयाक आहे ना."

"पाणी बघ, आमाली," तो म्हणाला.

मी पाहिलं. एक सुरकुती नव्हती त्यावर.

मग मी जे बोलले ते बोलले. "माझी ताई वाहून चाललीय आणि तुम्ही पाणी बघत बसलाय? काय बघून तिने तुमच्याशी लग्न केलं?"

त्याने डबी खिशात घातली. होडीचं वल्हं कयाकच्या पाठीवर एका हाताने आणि दातांनी बांधलं. मी कयाक पाण्यात धरून ठेवली. आत बसल्यावर तो तसाच बसून राहिला, दोन्ही हात काठावर. मी कयाक ढकलली.

बाहेरच्या खडकापर्यंत तो सुरेख गेला. बावीस वर्षांत कयाकला हात लावला नव्हता असं वाटलंच नसतं. दुखऱ्या हाताचंही काही जाणवलं नाही. लुकास म्हणाले, "पोहोचतोय बघ. अर्ध्या तासात पोहोचेल." ताईची मुलं, लेआ आठ वर्षांची आणि पावलुस चारचा, माझ्या दोन्ही बाजूंना होती.

खडक ओलांडला आणि तो थांबला.

लुकासनी बराच वेळ दुर्बीण खाली केली नाही. मग माझ्या हातात दिली. तो बसला होता. वल्हं आडवं, पाठ सरळ, मान किंचित खाली. खिळ्याने ठोकून ठेवल्यासारखा. त्याच्यापुढे किलोमीटरभरावर होडी, आणि तीत ताई उभी. मी ओरडले. ऐकू जाणं शक्य नव्हतं, तरी ओरडले. सगळ्या बायका ओरडत होत्या. मग कोणीतरी म्हणालं, नका, तो दचकला तर उलटेल. आम्ही गप्प बसलो. ते गप्प बसणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

दीड तास तो तसा होता. आधी ताईने त्याच्याकडे यायचा खूप प्रयत्न केला. मग तिला कळलं असावं. अठरा वर्षं ती त्याची बायको होती, तिला कळायला वेळ लागला नसेल. तिने वल्हं ठेवलं, ती फळीवर बसली, आणि हात पुढे करून तळवा खाली धरून हळूहळू हलवू लागली, घाबरलेल्या मुलाला शांत करतात तसा. दुर्बीण तेव्हा लुकासकडे होती. ते बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "ती त्यालाच धीर देतेय."

संध्याकाळी हिमनदीवरून वारा उतरला. आमच्याकडे तो असाच येतो, आधी काही नाही आणि मग एकदम. पाण्यावर सुरकुत्या आल्या आणि त्याबरोबर बार्नाबास हलला. भोवळ उतरली. त्याने वल्हं उचललं आणि वेड्यासारखा मारू लागला. पण तोच वारा होडीला बाहेर नेत होता, आणि होडीच्या उंच कडेला वारा जितका धरतो तितका कयाकला धरत नाही. ती त्याच्यापेक्षा वेगाने दूर गेली. मग दोघंही दिसेनासे झाले.

दुसऱ्या वस्तीची बोट पहाटे पोहोचली. बार्नाबास सर्वांत बाहेरच्या खडकावर सापडला. हाताची सूज फुटली होती. वल्हं अजून कयाकला बांधलेलं होतं आणि डबी खिशात होती.

होडी अकरा दिवसांनी फेरो बेटांच्या एका मासेमारी जहाजाला मिळाली. तीत मासे होते, गळाची दोरी नीट गुंडाळलेली होती, आणि ताईचे सीलच्या कातड्याचे बूट फळीखाली शेजारी शेजारी ठेवलेले होते. ती नव्हती. तिने बूट का काढले असतील यावर आमच्याकडे फार बोललं गेलं. झोपायला, असं कोणी म्हणालं. बार्नाबासला वाटायचं की ती त्याच्याकडे पोहत यायला निघाली. आमच्यात कोणालाच पोहता येत नाही.

पुरुष परतल्यावर शाळेच्या खोलीत तिच्यासाठी प्रार्थना झाली. तोवर शहराच्या इस्पितळात बार्नाबासची दोन बोटं कापली होती आणि हात गळ्यात होता. लुकासनी चांगले शब्द बोलून दाखवले. शेवटी म्हणाले की आपल्या बार्नाबासने जिवाचं रान केलं, पण त्याच्या हाताने त्याला दगा दिला.

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. आम्हाला तेच हवं होतं.

बार्नाबास उठून उभा राहिला. "हात चालत होता," तो म्हणाला. "मला भोवळ आली. मी थांबलो. तिने मला पाहिलं, आणि मी तिला पाहिलं." आणि खाली बसला.

बाहेर गाबाने त्याला गाठलं. गाबा आठ दिवस कोणाशी बोलला नव्हता. तो म्हणाला, "हात होता म्हण. लुकास म्हणाले ते म्हण आणि तेच म्हणत राहा."

"का?"

"पोरं आहेत तुझी. ती मोठी होणार आहेत इथेच."

"हात नव्हता, गाबा."

"मला माहीत आहे काय होतं ते. मला नाही माहीत तर कोणाला माहीत? मी तुला म्हण म्हणतोय."

बार्नाबासने नकारार्थी मान हलवली. त्या दिवसानंतर गाबा त्याच्या घरात गेला नाही. मांस मात्र पाठवायचा, माझ्या हाती.

मी त्या घरात राहायला गेले होते, मुलांसाठी. लोकांना वाटलं, पुढेमागे लग्न होईल. झालं नाही. पहिली दोन वर्षं मी त्याच्याशी गरजेपुरतंच बोलले. त्याचा मला राग होता, आणि सर्वांत जास्त राग याचा की त्याने आमच्याकडून ती हाताची सबब काढून घेतली. कापलेल्या दोन बोटांवर आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर निभावून नेलं असतं. मीसुद्धा.

होडी परत आली, पण तो तिला शिवेना. घरात खायला हवं होतं, म्हणून मी यंत्र चालवायला शिकले. दुसऱ्या उन्हाळ्यात तो एक दिवस न बोलता येऊन पुढच्या फळीवर बसला. मी यंत्र चालू केलं. त्यानंतर येऊ लागला. मी यंत्राशी, तो दोरीशी, आठ बोटांनी ओढायचा. पण आता होडीही त्याला पुरेनाशी झाली होती. पाणी फार संथ झालं की तो होडीच्या तळाशी मासळीत आडवा व्हायचा आणि डोळे मिटायचा. मी त्याच्या पाठीवर पाय ठेवायचे, म्हणजे त्याला कळायचं की तो कुठे आहे.

अशाच एका दिवशी मी यंत्र बंद केलं आणि म्हटलं, "कयाक मी ढकलली होती."

"हो," तो तळातूनच म्हणाला.

"तुम्ही बसून राहिला होतात. तुम्ही उतरणार होतात का?"

तो मग म्हणाला, "ते मला नाही माहीत. कधीच कळलं नाही."

मी विचारलं, हे कोणाला का नाही सांगितलं? तो म्हणाला, त्यात सांगण्यासारखं काय आहे. मग म्हणाला, यंत्र चालू कर, आपण फार बाहेर आलोय.

लेआ बारा वर्षांची असताना शाळेत कोणीतरी तिला बापावरून टोचलं. ती घरी आली आणि तिने त्याला सरळ विचारलं. त्याने तिला सगळं सांगितलं, आईने धीर देणारा हात हलवला होता तेसुद्धा. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला वाटलं, आता मधे पडावं आणि माझं सांगावं. मी पडले नाही. ती चौदाव्या वर्षी डेन्मार्कला शिकायला गेली आणि तिकडेच राहिली. पत्रं मला लिहायची. पावलुस इथेच राहिला, बापाशी मायेने वागायचा, पण त्याला आई आठवतच नव्हती.

१९७० मध्ये दुकान बंद झालं आणि वस्ती उठली. आम्हाला शहरात चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. बार्नाबास कोळंबीच्या कारखान्यात फरशी धुवायचा. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात त्याची छाती भरली. गाबा इस्पितळात आला, पलंगाशी खुर्ची ओढून बसला, आणि त्याला उन्हाळ्यात मारलेल्या एका दाढीवाल्या सीलची लांबलचक गोष्ट सांगितली. अठरा वर्षांनी तेवढंच बोलला. बार्नाबास ऐकत होता. मधे एकदा हसला.

लेआ विमानाने आली ती तो गेल्यानंतर दोन दिवसांनी. पुरून आल्यावर आम्ही दोघी कॉफी घेऊन बसलो, तेव्हा मी तिला सांगितलं, मी काय बोलले होते ते आणि कयाक कोणी ढकलली ते. ती कपात बघत होती. मग म्हणाली, "मी तुझ्या शेजारीच उभी होते, मावशी. मी पाहिलं होतं."

मी विचारलं, मग इतकी वर्षं मला पत्रं कशी लिहिलीस?

ती म्हणाली, "दुसरं कोण होतं मला?" आणि उठून कप धुवायला गेली.